उस्तादाचा चिकट रिमोट

एका जंगलात, बाळांनो, नळाच्या आधी वीज आली. विजेमागोमाग टीव्ही आला आणि टीव्हीमागोमाग व्हिडिओ गेम. पाणी मात्र ओढ्यावरूनच आणावं लागे. त्यामुळे खेळायला सगळ्यांना वेळ होता आणि हात धुवायला कुणालाच नव्हता.

त्या जंगलात झिपरोबा नावाचं अस्वल राहत असे. त्याला कुस्तीच्या गेमचा भारी नाद. म्हणजे कुस्ती पडद्यावरचा पैलवान खेळे आणि झिपरोबा गुहेत लोळून बटणं दाबी. एक पंजा रिमोटवर, दुसरा मधाच्या पोळ्यात. थोड्या वेळानं पंजे बदलायचे. तुम्ही कंट्रोलर म्हणा हवं तर. जंगलात त्याला रिमोटच म्हणत, आणि चुका काढणाऱ्याला कोल्हा म्हणत.

तर तो रिमोट इतका चिकटला होता की पाटावरून उचलला की पाटही सोबत यायचा.

झिपरोबाला सगळे उस्ताद म्हणत. जिंकायचा म्हणून? छे हो! वडाखालच्या सामन्यात तो दर वेळी हरे. हरला की रिमोट उंच धरून सांगे, "धोबीपछाडच टाकत होतो. बटण अडकलं!"

"अरेरे!" सगळे हळहळत. "बटण अडकलं, नाहीतर उस्तादाला कोण हात लावतो?"

आणि डावपेच शिकायला मधाची पोळी घेऊन त्याच्या दारात येत. ती वाकड्या अंगणाची म्हण तुम्हाला आठवली असेल. मनातच ठेवा. झिपरोबाला ती आवडत नाही.

त्याला हरवायची चिवटाबाई घोरपड. वय झालेलं, डोळे कायम अर्धे मिटलेले. एका दुपारी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "झिपरोबा, उद्या खंडेनवमी. हत्यारं घासूनपुसून पुजायचा दिवस. तुझा रिमोट घास बाबा एकदा. परवा दसऱ्याला स्वच्छ रिमोट घेऊन ये, मग बघू."

"बघूच, काकू!" झिपरोबानं छाती फुगवली. पण पुढचं काही ऐकायला तो थांबला नाही.

कारण सांगू? आपल्याला खेळता येतं की नाही, हे खुद्द झिपरोबालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तशी वेळच आली नव्हती. स्वच्छ रिमोटनं हरलो तर उस्तादकी जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, खरं काय ते आपल्याला कळणार!

तो घरी आला आणि जंगलाच्या रीतीप्रमाणे रिमोट चाटू लागला. जंगलात सगळं चाटूनच स्वच्छ करतात, पिल्लांपासून भांड्यांपर्यंत. पण झिपरोबाच्या जिभेवर सकाळचा मध होता. रिमोट चकचकीत झाला आणि जिभेलाच चिकटला.

"अहो, हे काय चालवलंय?" त्याची बायको सावळाबाई धावत आली. "अ अ अ," झिपरोबा म्हणाला. तिनं रिमोट ओढून काढला. मग तो चिंच आणि राख घेऊन बसला.

"पितळेचा तांब्या आहे का तो?" सावळाबाईनं कपाळावर हात मारला. "आधी सेल काढा. साळिंदराच्या काट्याला कापूस गुंडाळा. कापसाला मोहाची दारू लावा, थेंबभरच. मळ सुटतो आणि दारू उडून जाते, आत ओल राहत नाही. उरलेलं अंग घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा."

झिपरोबानं थेंबभर दारू कापसाला लावली आणि वाटीभर स्वतःला लावली. मग घासत बसला.

काय काय निघालं म्हणून सांगू! मेण निघालं, शेवेचे तुकडे निघाले, मधमाशीचा पंख निघाला. एका फटीतून जिवंत मुंगी बाहेर आली आणि घर मोडल्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावून गेली. सगळ्यांत जास्त निघाले ते त्याचे स्वतःचेच केस. "एवढे केस जाऊनही मी अजून अस्वलच," झिपरोबा पुटपुटला, "आणि एवढं खेळूनही अजून..." पुढचं त्यानं गिळलं.

शेवटी अडकलेलं बटण सुटलं. दाबलं की आत, सोडलं की वर. टिक, टिक. सावळाबाई खूश झाली. झिपरोबाचं काळीज मात्र आत गेलं ते वर येईना.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. रिमोटला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. सगळ्यांची पाठ वळल्यावर झिपरोबा गुळाचा खडा बटणाच्या फटीत कोंबू लागला.

"अहो! नैवेद्य दाखवायचा असतो, भरवायचा नसतो!" सावळाबाईनं पंजावर फटका मारला आणि रिमोट सामन्यापर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवला.

दसऱ्याला वडाखाली अख्खं जंगल जमलं. सामना सुरू झाला. झिपरोबानं जे दाबलं ते झालं. पैलवानानं त्याचं प्रत्येक बटण इमानेइतबारे ऐकलं. म्हणूनच तो भुईमुगाची शेंग सोलायला लागतो तेवढ्या वेळात उताणा पडला.

सगळे झिपरोबाकडे बघू लागले. त्याच्या कानांपर्यंत घाम आला. मग त्यानं सवयीनं रिमोट उंच धरला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "नको तेवढा स्वच्छ झालाय. पकडच राहिली नाही. घसरतो हातातून!"

"अरेरे!" जंगल हळहळलं. माकड ओरडलं, "तरी मी सांगत होतो! उस्तादाची सगळी विद्या त्या चिकटपणातच होती!"

चिवटाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही डोळे पूर्ण उघडले. मग आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घे, झिपरोबा. सोन्यासारखा राहा."

घरी आल्यावर सावळाबाईनं विचारलं, "खरंच घसरला हो हातातून?"

झिपरोबानं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "नाही गं. मला खेळताच येत नाही."

"माहितेय," ती म्हणाली. "आपलं लग्न ठरलं तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

झिपरोबा आधी ओशाळला आणि मग पोट धरून हसला. इतकं हलकं त्याला कधीच वाटलं नव्हतं. त्यानं ठरवलं, उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकायचं आणि मग नुसतं मजेसाठी खेळायचं.

सकाळी दार उघडलं, तर गुहेपासून ओढ्यापर्यंत रांग! ससे, साळिंदर, हरणं, सगळ्यांच्या हातात आपापले लख्ख रिमोट. "उस्ताद, तेवढा मधाचा हात लावून द्या. आम्हालाही पकड येऊ दे!"

"हे बघा, बाबांनो, खरं सांगायचं तर..." झिपरोबानं सुरुवात केली.

"अरे वा, किती नम्र!" रांग म्हणाली.

झिपरोबानं सुस्कारा सोडला, पंजा मधात बुडवला आणि पहिला रिमोट हातात घेतला.

तात्पर्य: वस्तू घासण्यापूर्वी मळाखाली आपणच निघणार नाही ना, याची खात्री करून घ्यावी. आणि निघालोच, तरी घाबरू नये. लोक पुन्हा माखून देतात.