शामअण्णांनी न पाहिलेला गोल

आमचे शामअण्णा गेली पस्तीस वर्षं तालमीच्या प्रत्येक मॅचला तिकीट काढून जातात, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत उन्हात उभे राहतात, आणि या पस्तीस वर्षांत एक मॅच सोडली तर त्यांनी एकदाही बॉल पाहिलेला नाही.

नजर अधू म्हणून नव्हे. ते उभेच तसे राहतात. स्टेडियमच्या पायऱ्या जिथं संपतात तिथं लोखंडी कठडा आहे. त्या कठड्याला पाठ टेकून, मैदानाकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड करून अण्णा उभे. त्यांच्या मागं बावीस माणसं जिवाच्या आकांतानं पळतायत, पुढं आम्ही घसा फोडतोय, आणि मध्ये हे गृहस्थ आमच्या तोंडांकडं एकटक बघतायत. बंदोबस्ताचे पोलीसही प्रेक्षकांकडंच तोंड करून उभे असतात. त्यामुळं ओढ्यापलीकडच्या तालमीची पोरं अण्णांना साध्या वेशातला पोलीस समजून बरीच वर्षं वचकून होती. एकदा नव्यानं बदली होऊन आलेल्या हवालदारानंही त्यांना अदबीनं विचारलं, "पावणं, तुमची ड्युटी कुठली?"

अण्णा म्हणाले, "पेठेची." हवालदार सॅल्यूट ठोकायचाच बाकी राहिला होता.

अण्णांची आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. चक्कीच्या आवाजात जन्म गेल्यामुळं ते साधं 'बस' म्हणाले तरी समोरचा दचकून उभा राहतो. भुवया, मिशा आणि कानावरचे केस पिठानं कायम पांढरे. आता ते वयानंच पांढरे झालेत, पण हा बदल नेमका कधी झाला ते पेठेत कुणालाच सांगता येणार नाही. मॅचच्या दिवशी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असतं, 'आज मॅच हाय. दळाण उद्या.' मग तुमच्या घरी पाव्हणे बसलेले असोत, नाहीतर उद्या बारसं असो.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडं फुटबॉल हा तालमीचा असतो. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा हे खरंच, पण लाल मातीइतकाच तिथं फुटबॉलचाही उमाळा. आमची चिंचेची तालीम. तिनं एकदाच, मी सातवीत असताना, मोठी फायनल मारली. तेवढ्या एका दिवसावर पेठ आजतागायत जगते आहे. त्या दिवसाचा विषय निघाला की आमच्याकडं चहाही थांबतो.

त्या दिवसापर्यंत अण्णा चारचौघांसारखेच मैदानाकडं तोंड करून बसायचे. फायनललाही तसेच बसले होते, मांडीवर शेंगांची पुडी. एकदा त्यांनी शेंगा फोडता फोडता मान वर केली आणि आमच्यावर गोल झाला. मग पुन्हा मान खाली, पुन्हा शेंगा. पंधरा मिनिटांनी मान वर केली तर दुसरा. हाफ टाइमला आमचे आबा वस्ताद पायऱ्यांवर चौकशीला उभे राहिले. कुणी नवा सदरा घातलाय काय, कुणी नेहमीची जागा सोडलीय काय, सगळ्यांची उलटतपासणी झाली. एकाला तर घरी जाऊन जुनी टोपी घालून यायला लावलं. तेवढ्यात कुणीतरी अण्णांच्या मानेची गोष्ट सांगितली. वस्तादांनी त्यांना उभं केलं आणि म्हणाले, "शाम्या, तू बघतूस तवा आपल्यावर गोल बसतोय. जा, कठड्याला पाठ लावून हुबा ऱ्हा. मागं बघशील तर तालमीची पायरी चढायची न्हाई."

वस्तादांपुढं कोण बोलणार? अण्णा गेले, उभे राहिले, आणि दुसऱ्या हाफमध्ये आम्ही तीन गोल मारले. शेवटचा तर शिट्टी वाजायच्या बेतात असताना, डावखुऱ्या दिल्याच्या फ्री-किकवर. बॉल समोर उभ्या माणसांच्या भिंतीला वळसा घालून वरच्या कोपऱ्यात गेला. तो मी अजून रोज बघू शकतो, डोळे मिटले तरी.

पुढच्या वर्षी अण्णांनी वस्तादांच्या पाया पडून एकदा मैदानाकडं तोंड करायची परवानगी मागितली. मिळाली. आम्ही चार गोलनी हरलो. विषय संपला.

दुसरा कुणी असता तर अशा मॅचला यायचाच बंद झाला असता. अण्णा तोंडं वाचायला शिकले. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिताना आम्ही मॅचची उजळणी करायचो, तेव्हा न बघितलेली मॅच तेच आमच्यापेक्षा बिनचूक सांगायचे. डाव्या अंगाची माणसं टाचा उचलून उभी राहिली की विंगवरनं बॉल निघाला. सगळ्यांनी एकदम दात खाल्ले की बॉल गोलच्या बारला लागला. आम्ही आपसात भांडायला लागलो की ते ओरडायचे, "बॉल खोटं बोलंल. तोंड न्हाई."

घरी टीव्हीवर वर्ल्ड कप असला तरी हाच नियम. टीव्हीकडं पाठ आणि बायकोकडं, म्हणजे आमच्या काकींकडं तोंड. काकींना फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं, त्या आपल्या मेथी निवडत बसायच्या. अण्णा दुसऱ्या दिवशी कुरकुरायचे, "आरं, हिच्या तोंडावनं कळंनाच मला, मॅच चाललीया का मयत." काकी गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा घरी मॅच लावत नाहीत. समोर कुणी नसेल तर मॅच कशी बघायची, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो ते अगदी साधेपणानं विचारतात.

त्यांची एक खोड मात्र मला पहिल्यांदा फार विचित्र वाटली होती. पेठेत कुणी गेलं की रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा त्या घरी जातात, भिंतीला टेकून बसतात, पाणी घेतात, आणि फायनलचा विषय काढतात. दुखवट्याच्या घरात फुटबॉल. आमच्या गल्लीतले पोस्टमन शिंदे गेले तेव्हा मी तिथंच होतो. अण्णा शिंदेकाकूंना म्हणाले की तिसऱ्या गोलला तुमच्या मालकांनी शेजारच्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि स्वतःची त्याला घातली, आणि दोघंही तसेच नाचत घरी गेले. तीन दिवस दगडासारख्या बसलेल्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या. आम्ही सगळे बॉलकडं बघत होतो तेव्हा हा माणूस आम्हाला बघत होता, आणि त्याला सगळं आठवत होतं.

माझे वडील गेले तेव्हाही अण्णा आले. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. अबोल माणूस. फायनलला मी त्यांच्या शेजारी होतो, एवढंच मला आठवतं. तो गोल आम्ही बापलेकांनी मिळून पाहिला असं मी माझ्या बायकोला, मुलांना कितीदा तरी सांगितलं होतं. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच जरा हळू बोलायचा प्रयत्न केला. तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला.

"विजू, तुझ्या वडलांनी तिसरा गोल बघितला न्हाई बघ. तू पायरीवर उड्या मारत हुतास, पडशील म्हणून तुझा पट्टा दोन्ही हातांनी धरला हुता. तुझ्याकडंच बघत हुतं. हसत हुतं."

वडिलांचं तसं हसणं मी कधी पाहिलेलं नाही. पण ते होतं, हे मला अण्णांमुळं माहीत आहे. त्या दिवसापासून अण्णांबद्दल कुणी चेष्टेनं बोललं तरी मला राग येतो. मीही इथं तीच करतोय म्हणा, पण माझा हक्क आहे.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कागल पंचतारांकित एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात आहे, तिथं माझ्या हाताखाली संदीप नावाचा पेठ वडगावचा मुलगा आहे. त्यानं आईवडिलांच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर घेतली होती. ती दाखवता दाखवता म्हणाला, "साहेब, अक्षता पडल्या, पंगत बसली आन् पुढं एकदम फुटबॉलच लागतोय की."

मी बघितलं आणि खुर्चीतनं उठलो. ती आमची फायनल होती. लग्नाचं शूटिंग करणारा आमच्याच पेठेतला सुऱ्या. नवरीची पाठवणी टाकून तो थेट स्टेडियमवर पळाला होता, आणि कॅसेट पुढं लग्नघरी गेली ती गेलीच. संदीपची आजी पाठवणी कुठाय म्हणून मरेपर्यंत त्याला शिव्या देत होती म्हणे. सुऱ्याच्या कॅसेटमध्ये उरलेली जागा होती आठ मिनिटांची, आणि त्या आठ मिनिटांत तिसरा गोल होता. फक्त आवाज नव्हता. स्टुडिओवाल्यानं शेवटपर्यंत सनई भरून ठेवली होती.

पेठेत ही बातमी पसरायला अर्धा तासही लागला नाही. आणि पहिला विचार सगळ्यांच्या मनात एकच आला. अण्णांना गोल दाखवायचा. आबा वस्ताद जाऊन पंधरा वर्षं झाली होती, त्यांनी घातलेली बंदी आता उठवायला हरकत नव्हती. मी गिरणीत जाऊन सांगितलं तेव्हा अण्णांनी चक्की बंद केली. दळणाला आलेल्या बाया बघत राहिल्या.

मग अण्णा म्हणाले, "मी बघितलं आन् हुकला तर?"

मी हसलो. मात्र ही शंका कट्ट्यावर गेली तेव्हा कुणी हसलं नाही. पन्नाशी-साठीची, नातवंडं असलेली माणसं गंभीर चेहऱ्यानं चर्चेला बसली. रेकॉर्डिंग आहे, झालेली गोष्ट बदलत नाही, असं मी म्हणालो, तर मला सांगण्यात आलं की मी कारखान्यातला माणूस, मला फुटबॉलमधलं काय कळतं. खुद्द दिल्या, ज्यानं तो गोल मारला तो, आता टक्कल पडलेला आणि गुडघ्यानं अधू, म्हणाला, "गेलाय आत, मला म्हायत हाय. पण उगं विषाची परीक्षा कशाला?"

शेवटी अण्णांनीच ठरवलं. तीन वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी त्या आठवड्यात करून घेतलं. 'मला कुठं मॅच बघायचीया' म्हणून टाळत होते. डॉक्टरांना त्यांनी विचारलं म्हणे, बॉल दिसंल का. डॉक्टर म्हणाले, सुईत दोरा ओवाल. अण्णा म्हणाले, दोरा नको, बॉलचं सांगा.

रविवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये खिडक्या लावून घेतल्या, पांढरी चादर ताणली. अण्णा धुतलेला सदरा घालून आले. आम्ही त्यांना सगळ्यांच्या पुढं, अगदी पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं. चादरीवर पंगत उठली, आणि सनईच्या सुरात आमची पोरं पळायला लागली. कुणी कुणाला ओळखत होतं, कुणी चादरीकडं बोट दाखवत होतं. मी मात्र पाठीमागून अण्णांची मान बघत होतो. ती पडद्याकडंच होती. नव्या डोळ्यांनी ते बॉलच्या मागं मागं जात होते, आणि त्यांच्या खांद्यांवरनं कळत होतं की त्यांना तो दिसतोय.

मग फ्री-किक मिळाली. दिल्यानं बॉल ठेवला, चार पावलं मागं गेला.

अण्णा उठले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि पडद्याकडं पाठ करून आमच्याकडं तोंड केलं. भीती होती ती. एवढ्या वर्षांची इच्छा एकीकडं आणि तालीम एकीकडं, आणि माणूस तालमीकडं वळला. ते नेहमीसारखे डावीकडून उजवीकडं आमची तोंडं वाचायला लागले.

आणि आम्ही सगळे अण्णांकडंच बघत होतो. तो गोल आम्हाला पाठ होता. अण्णांचा चेहरा मात्र आमच्यातल्या कुणीच त्या क्षणी कधी बघितला नव्हता. इतकी वर्षं हा माणूस आमच्या समोर उभा होता आणि आम्ही त्याच्या डोक्यावरनं पलीकडं बघत होतो. मला लाज वाटली. बहुतेक सगळ्यांनाच वाटली असावी, कारण कुणी हललं नाही.

त्यांच्या मागं चादरीवर काय व्हायचं ते होऊन गेलं. सनई तशीच वाजत होती. अण्णांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्हाला बघितलं, परत उलटं बघितलं. एकही तोंड उजळलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला.

"हुकला व्हय रं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकूच गेला नाही.

आम्हाला कळायला एक क्षण लागला. मग दिल्या त्या मोडक्या गुडघ्यानं खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "बसला, अण्णा. वरच्या कोपऱ्यात बसला."

मग सगळा हॉल उठला. खुर्च्या पडल्या, टोप्या उडाल्या, दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले, आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, पायरी नसताना उड्या मारत होतो. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच तो गोल बघितला नव्हता. अण्णा एकेका तोंडावर थांबत होते. त्यांच्या पांढऱ्या भुवया हळूहळू वर गेल्या. मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नवे डोळे पुसले, डॉक्टरांनी पुसू नका म्हणून सांगितलं होतं तरी.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला होता. संदीप मोबाइल हातात घेऊन पुढं आला आणि म्हणाला, पुन्हा लावू का, आता नीट बघा.

अण्णा मागं वळले नाहीत. "कशाला?" ते म्हणाले. "बघितला की आत्ता."