उजवा पाय दोन बोटं आखूड

सर आरशासमोर उभे होते आणि त्यांच्या पँटीचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे होते. गेल्या चार वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. सरांना मात्र दुसऱ्याची पँट चोरून घातल्यासारखं वाटत होतं.

“किती छान दिसतंय!” बायको म्हणाली. “माणसात आलात.”

“काकांना कळलं तर?”

“त्यांना कोण सांगायला जातंय? आज शाळेत तपासणीचे साहेब येणार आणि तुम्ही एका पायाचा मोजा दाखवत फिरणार? तयार पँट घेतलीत, दुसरं लग्न नाही केलंत.”

काका म्हणजे कोपऱ्यावरचे टेलरकाका. सोळा वर्षं सरांच्या पँटी तेच शिवत होते. पहिली बारा वर्षं उत्तम गेली. मग काकांची नजर अधू झाली आणि प्रत्येक पँटीचा उजवा पाय दोन बोटं आखूड येऊ लागला. पहिल्या वेळी सर सांगणारच होते. पण काकांनी “कशी झालीय?” असं इतक्या आशेनं विचारलं, की सर “झकास” म्हणून मोकळे झाले. एकदा झकास म्हटल्यावर पुढच्या वेळी कुठल्या तोंडानं तक्रार करणार? वर्गात मुलांच्या स्पेलिंगची एक चूक न सोडणारा हा माणूस टेलरच्या दुकानात अगदी गाय होता.

त्यात आदल्या दिवशी तयार कपड्यांच्या दुकानातल्या मुलीनं पँटीबरोबर एक लॉयल्टी कार्डही हातात ठेवलं. पहिल्याच खरेदीला! सरांनी ते घाईघाईनं पाकिटात, बायकोच्या फोटोमागे दडवलं.

पण नशीबच खट्याळ. दुपारी आठवीच्या वर्गात साहेब शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि इंग्रजीच्या धड्यात नवा शब्द आला तो नेमका हाच.

“लॉयल्टी म्हणजे निष्ठा,” सर पाकिटाचा खिसा चाचपत म्हणाले. “ज्याला आपलं म्हटलं त्याची साथ अडचणीतही न सोडणं. कोण करेल वाक्यात उपयोग?”

तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. ती टेलरकाकांची नात होती.

“आवर सर हॅज लॉयल्टी.”

“अरे वा!” साहेब मागून म्हणाले. “ते कसं काय? मराठीत सांग.”

“माझे आजोबा टेलर आहेत. सगळी गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे गेली. सर मात्र आजोबांनी शिवलेलीच पँट घालतात.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. साहेब उठून पुढे आले आणि त्यांनी सरांची पँट वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

“ही त्यांनीच शिवलीय? काय सुरेख बसलीय हो! मला असाच टेलर हवा होता. चार वाजता आपण दोघं जाऊ या.”

त्याच वेळी सरांनी खरं सांगायला हवं होतं. पण पोरीचा चेहरा आनंदानं असा फुलला होता, की सर नुसती मान हलवून बसले. आता मान हलवणं हे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती फार वेळ टिकली नाही.

मधल्या सुट्टीत त्यांना घाम फुटला. काकांची पँट म्हणजे एक पाय आखूड. काकांच्या दुकानात दोन्ही पाय सारखे घेऊन जाणं म्हणजे चोरीच्या मालासकट चौकीत जाणं! सर शिवणाच्या बाईंकडे गेले.

“बाई, जरा सुई-दोरा घेता? पँटीचा एक पाय आखूड करायचाय.”

“एकच?”

“एकच.” सर घुटमळले. “पण माझा नेहमी कुठला असतो हो?”

“उजवा!” अख्खी शिक्षकांची खोली एका सुरात म्हणाली. त्यात घंटा वाजवणारा शिपाईसुद्धा होता.

आपलं हे गुपित कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं सरांना चार वर्षं वाटत होतं. ते खुर्चीवर उभे राहिले आणि बाई खाली बसून धावदोरा घालू लागल्या.

“आम्ही कधी बोललो नाही,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, पायातच काही दोष असेल. उगाच कशाला दुखवा?”

चार वाजता दोघं दुकानाशी पोचले. नातीनं आधीच धावत जाऊन वर्दी दिली होती. काका नवा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून दारातच उभे होते. मशीनवरची धूळ नुकतीच पुसल्याचं दिसत होतं.

“काका, मला अगदी सरांसारखीच पँट,” असं म्हणत साहेबांनी खाली बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं. “अहो सर, हे काय? दुपारी तर…” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. घड्याळ पाहिलं. “मला जरा एक काम आठवलं. येतो पुन्हा कधीतरी.”

वर्षभरात आलेलं पहिलं नवं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. काका बघत राहिले.

“काय झालं, सर? काय बघितलं त्यांनी?”

सरांनी उजवा पाय डाव्यामागे लपवला. काकांनी नातीला आत पाणी आणायला पाठवलं, चष्मा लावला आणि सरांच्या पायाशी बसून पँटीच्या दोन्ही मोहऱ्यांवरून, खालच्या दुमडीवरून हात फिरवला.

“हा धावदोरा माझा नाही.”

“नाही.”

“पँटही माझी नाही.”

“नाही, काका.”

“तयार घेतलीत. ठीक आहे, घेतात लोक. पण मग तिचा चांगला पाय आखूड का केलात?”

सरांना आता खोटं सुचेना. “तुमची वाटावी म्हणून,” ते म्हणाले.

हे बोलल्यावर आपण काय बोललो, ते त्यांना कळलं. ते नुसते सारख्या पायांनी आले असते, तर काकांना कसलाच पत्ता लागला नसता. आपल्या पँटी आखूड होतात, हेच मुळी काकांना माहीत नव्हतं.

“म्हणजे माझ्या पँटी…”

“उजवा पाय. दोन बोटं.”

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

काका चिडले असते तर सरांना सोसलं असतं. ते चिडले नाहीत.

“गिऱ्हाईक तुटायला लागलं तेही तेव्हापासूनच,” काका म्हणाले. “कुणी एक शब्द बोललं नाही. नात म्हणायची, आजोबा, डोळे दाखवून या. मी म्हणायचो, अगं, माझं काम बिघडलं असतं तर सर आले असते का?”

सरांची मान खाली गेली. खाली काका सावकाश धावदोरा उसवत होते, कापडाला भोक पडू नये म्हणून जपत. दोरा निघाल्यावर त्यांनी पाय नीट ओढला, दुमडला, टाचणी लावली.

“आता झाले का सारखे?” त्यांनी वर बघत विचारलं. “खरं सांगा.”

सरांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान तापले.

“अजून एक बोट कमी आहे, काका.”