इंगळे भाऊजींच्या गुलाबी पापड्या

आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत कोणाचं यंत्र मेलं, की घरच्यांना वाईट वाटायच्या आधी इंगळे भाऊजी दारात हजर. हातात पेचकस, चेहऱ्यावर सांत्वन. "गेला काय वहिनी स्पीकर? चांगला होता बिचारा. उघडू?" आणि उत्तराची वाट न बघता त्याचं पोट फाडून मोकळे. आत काळं चुंबक निघालं तर तोंड वाकडं. "फेराइट! निरा दगड हाय." चकचकीत निघालं तर मात्र नुकतं जन्मलेलं बाळ घ्यावं तसं ओंजळीत घेतील. "निओडिमियम! तुमच्या घरात होतं अन् तुमाले पत्ताच नाई!"

माझ्या जावयाने नवे हेडफोन आणले, तर हे त्याच्या कानांकडे असे टक लावून बसले, की तो बिचारा जेवण अर्धं टाकून उठला.

भाऊजींची सगळी नोकरी दक्षिणेत, समुद्राकाठच्या एका कारखान्यात गेली. तिथे वाळूतून निओडिमियमसारखे दुर्मिळ मृदा धातू काढतात. मी सातवी शिकलेली बाई, मला काय कळणार? पण माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत त्यांनी मला ते इतक्यांदा समजावलंय, की झोपेतून उठवलं तरी सांगीन. नाव दुर्मिळ, पण हे धातू काही फार दुर्मिळ नसतात. अडचण वेगळीच. सगळे सख्खे भाऊ, एका तोंडवळ्याचे, एकमेकांना चिकटलेले.

"शेंदूरजनाघाटचं एखादं खटलं समजा वहिनी. संत्र्याची बाग एक अन् भाऊ पंधरा. वाटणी करून पाहा! या टाकीतून त्या टाकीत, त्या टाकीतून पुढच्या. शेकडो खेपा. तवा कुठं एक भाऊ वेगळा निघते."

मग त्या वेगळ्या निघालेल्याचं फ्लोराइड करायचं. जांभळट गुलाबी भुकटी. ही भाऊजींची लाडकी. "फ्लोराइड म्हणजे नवी सून. जराशी ओल लागली की बिघडली. कोरडी ठेवा अन् कॅल्शियमसंगं भट्टीत घाला, असा झकास धातू देते!"

"सुनेला भट्टीत घालता?" मी विचारलं.

तेव्हापासून माझ्यापुरतं फ्लोराइड म्हणजे जावई. जावयाला भट्टीत घातलेलं मला चालतं, असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

घरी ते फ्लोराइड करत नसत. "त्याचं आम्ल काच खाते वहिनी. मी काय येडा हाय?" येडे नसल्याचा पुरावा म्हणून ते छतावर प्लास्टिकच्या टबात, दुसऱ्या कुठल्याशा आम्लात चुंबकं विरघळवत बसत. शेवटी फडक्यात गुलाबी चोथा उरायचा. बायको गेल्यापासून हे फार वाढलं होतं.

त्यांची एकुलती एक लेक वर्षा, अमरावतीला सरकारी अधिकारी. तिने मागच्या खेपेला बजावलं होतं, "बाबा, आता एक जरी बाटली दिसली तर या घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे." अमरावतीचं नाव काढलं की भाऊजींना घाम फुटे. "तिथं तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? टीव्ही पाहू? तो तर तिनं उघडू पण देल्ला नाई!"

एप्रिलात मी छतावर साबुदाण्याच्या पापड्या घालत होते. आमची छतं जोडलेली. तेवढ्यात खाली ऑटो थांबला आणि वर्षाचा आवाज आला. भाऊजींनी टब टाकीमागे लोटला, बाटल्या माझ्या वाळत घातलेल्या गोधडीखाली सारल्या. पण ओला गुलाबी गोळा हातातच राहिला.

"वहिनी, तुमच्या पापड्याइजवळ जागा द्या!"

"खबरदार!" मी म्हणेपर्यंत त्यांनी शेजारच्या प्लास्टिकवर चमच्याने अशा गोल, एकसारख्या पापड्या घातल्या, की माझ्या सुनांना जन्मात जमल्या नसत्या.

वर्षाने वर येऊन टाकीमागचा सोडून सगळे कोपरे पाहिले. चहा झाला, गल्लीतल्या चौकशा झाल्या, ऊन चढलं, तरी तिला काही सापडलं नाही. "वा बाबा, सुधारलात!" भाऊजी शाळेतल्या शहाण्या पोरासारखे उभे. "आणि काकू, यंदा रंगीत?"

"बीट घातलं गं," मी म्हणाले. खोटं बोलताना मी अडखळत नाही. दोन सुना नांदवल्यात.

भाऊजींनी मला डोळा मिचकावला. जिंकले होते.

आता अर्धवट वाळलेली पापडी समोर असताना वऱ्हाडातलं कोणतं माणूस हात आवरतं? बोलता बोलता वर्षा खाली बसली, गुलाबी पापडीची कड सोलली आणि तोंडाकडे नेली.

"वर्षे! टाक! टाक ते!"

असा आवाज मी त्या माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. माझ्या पापड्या तुडवत ते धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. "खाल्लं काय? आ कर! जीभ दाखव!" अधिकारी बाईंनी मुकाट आ केला.

"चुंबकाचं हाय ते. मायंच हाय. टब टाकीमागं हाय, बाटल्या गोधडीखाली." तिने विचारलंही नव्हतं.

वर्षाचा चेहरा लाल झाला. पण ती काही बोलायच्या आत त्यांनी मनगट धरून तिला नळाखाली नेलं होतं. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या आत, सगळं चोळून चोळून धुऊ लागले.

"झालं, बाबा."

"थांब. फ्लोराइडचं आम्ल लागलं त पयले दुखतच नाई. कारखान्यात आमी हात असाच धरून ठेवत होतो."

"हे फ्लोराइड आहे का?"

"नाई."

"मग?"

"तरी."

नळाची धार बारीक होत आली. तिने हात सोडवून घेतला नाही.

"तू म्हणतं तसं," तिच्या बोटांकडे बघतच भाऊजी म्हणाले. "येतो मी अमरावतीले."