पाण्याच्या पोटातली हवा

धनंजय आमच्याकडे आला की चहाचं पाणी दोनदा उकळतं. पहिल्यांदा हवा घालवायला, दुसऱ्यांदा चहाला. "पाण्याच्या पोटात हवा असते, ताई. ती आधी काढायची. नाहीतर आकडे खोटे येतात." अरे, चहाला कसले आकडे, असं विचारून विचारून मी थकले. त्याच्या हातचा चहा अगदी बेचव लागतो.

हा सांगलीचा गडी इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आमच्या शेजारी राहतो आणि विद्यापीठात संशोधन करतो. तांब्याची एक चपटी पट्टी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्या पोटात केसासारख्या बारीक पन्हळी. त्यांतून पाणी सोडायचं, ते आतल्या आत उकळतं आणि कॉम्प्युटरच्या चिपची उष्णता वाफेबरोबर घेऊन जातं. पण एखादा बुडबुडा फुगून पन्हळीत बूच मारून बसला की मागचं पाणी अडतं, भिंत कोरडी पडते आणि चिप जळते. म्हणून धनंजयने पन्हळींची तोंडं अरुंद केली, आतल्या भिंती किंचित खरखरीत केल्या. आता बुडबुडे लहान राहतील आणि भिंतीला पाण्याचा ओलावा धरून राहील, अशी त्याची आशा.

"कोरडं पडता कामा नये," हे त्याचं पालुपद. जेवताना सगळ्यांचे ग्लास भरत बसतो. आयर्लंडच्या भर पावसात माझ्या कुंड्यांना पाणी घालतो!

हसत होते मी, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. करार संपत आलेला. तो वाढला तरच बायको अनघा आणि मुलगी सानू इकडे येऊ शकणार होत्या. सानू तान्ही असताना हा इकडे आला, आता ती बालवाडीत जाते. आणि करार वाढणार की नाही, ते एका चाचणीवर ठरणार होतं. ती बघायला संशोधनाला पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं येणार होती.

चाचणीच्या सकाळी मीच त्याला गाडीने विद्यापीठात सोडलं. "आत चला ना, ताई. कुणीतरी आपलं माणूस असू दे."

पाहुणे वेळेआधीच हजर. धनंजयचं पाणी अजून हवा घालवत उकळत होतं.

"इट्स ग्रँड, ठीक आहे, सुरू कर," त्याचे प्राध्यापक म्हणाले.

"नाही सर. हवा असली की आकडे चांगले दिसतात. खरे नसतात."

मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, दिसू देत की चांगले! पाहुणे घड्याळं बघत बसले, हवामानाच्या गप्पा मारून संपल्या, आणि हा भांड्याजवळ उभा, कपाळावर घाम. अखेर चाचणी सुरू झाली. पडद्यावरची तापमानाची रेघ एकदम वर उसळली. धनंजयने डोळे मिटले. रेघ थोडी डगमगली, खाली आली आणि सरळ चालू लागली. मी देवाचं नाव घेतलं.

करार वाढला. शनिवारी तो आमच्याकडे आला तो आणखीच उतरलेल्या चेहऱ्याने.

"आता काय झालं?"

"ताई, सानू मला फोनमध्ये ओळखते. फोनबाहेर ओळखेल का?"

मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"तिला शाळेत वेणी घालून जायला आवडतं. मला येत नाही. शिकवता?"

मी आमच्या लेकीला, इराला, त्याच्यापुढे बसवलं. ही सात वर्षांची बया माझ्या हाताखाली दोन मिनिटं टिकत नाही आणि मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देते. त्याची वेणी एकदा सुटली, मग वाकडी झाली.

"यू आर ग्रँड, काका," इरा म्हणाली. "पुल इट टाइटर."

त्याने पुन्हा पेड घेतले. इतक्या हलक्या हाताने, की जणू केसांनाच दुखेल.

"दुखलं तर सांग हं, सानू."

इराने माझ्याकडे पाहिलं. मग मान सरळ केली आणि म्हणाली, "नाही दुखत."

मराठीत.