सासूबाईंच्या ताब्यातील सहा अंक

समस्त पगारदार, दुकानदार, वेळेवर कर भरणारे आणि मुदतवाढीची वाट पाहत बसणारे, ऐशा थोरांनी पृच्छा केली की, अखेरच्या दिवशी टॅक्सताईंचे दफ्तरी जो बिकट प्रसंग गुदरला, त्याची हकीकत कैसी. त्यास, आम्ही बाकड्यावर बसून जे डोळां देखिले आणि कान देऊन ऐकिले, ते पदरचा मीठमसाला बेताने घालून लिहितो.

सकलगुणालंकृत टॅक्सताई म्हणजे लोकांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या बाई. दफ्तर म्हणावे तर एक खोली, एक संगणक आणि एक पंखा, तोही आपल्या मर्जीचा मालक. मुदतीचा महिना लागला की जिन्यापर्यंत फौज लागे, आणि कोणी कागद पिशवीतून आणी, कोणी बिस्किटांच्या डब्यातून, आणि एक शिंपी तर कोटाच्या अस्तरातून काढी. बाईंनी कोणास विन्मुख धाडिले नाही. यजमानांचा फोन येई की जेवायला येताय की डबा पाठवू, आणि बाई मान वर न करिता म्हणत, "पाठवा."

त्या दुपारी बेकरीवाल्यांची स्वारी दाखल जाहली, अंगभर पीठ आणि कपाळी घाम. वर्तमान ऐसे की, जुनी भट्टी ढासळली, आणि नव्या भट्टीस बँकेने कर्ज कबूल केले, मात्र शर्त घातली की, आज बँक मिटण्याआधी विवरणपत्राची पोच न दाखविल्यास कर्ज रद्द. भट्टी नाही तर बेकरी नाही. एरवी गडी दांडगा, पण तोंड एवढेसे जाहले होते, आणि ते पाहून बाईंस मनापासून कळवळा आला.

मग बाईंनी बाह्या सरसावल्या, आणि मैद्याची बिले एकीकडे लोटिली, आणि लाकूडफाट्याची दुसरीकडे, आणि हा हा म्हणता विवरणपत्र सिद्ध करून बटण दाबिले. तो सरकारी संगणकाचे फर्मान आले की, नोंदविलेल्या मोबाइलवर सहा अंक धाडिले आहेत, ते रुजू करावे. बेकरीवाल्यांनी मोबाइल पाहिला, तो तेथे सामसूम. मग बाईंनी नोंद उघडली आणि कपाळावर हात मारिला. गतसाली बेकरीवाल्यांचा मोबाइल कणकेत पडून गतप्राण जाहला, तेव्हा निकड म्हणून त्यांच्या सासूबाईंचा नंबर बाईंनी स्वहस्ते घातला, आणि पुढे गर्दीत बदलावयाचा राहिला. आता बदलू म्हणावे, तर त्यासही त्याच मोबाइलवरील अंक हवे. आडात पडलेल्याने आडातूनच दोर मागावा, ऐसा प्रकार.

आणि सासूजावयांत तर अबोला. कारण की, भरल्या घरात सासूबाई वदल्या, जावयाचे पाव कडक, त्यावर जावई बोलून गेले, "पाव मऊच आहेत, तुमचे दात हलतात." तेव्हापासून सरहद्द बंद, आणि बेकरीवाल्यांची बायको मधल्यामध्ये भरडली जात होती.

प्रथम त्या बायकोसच वकिलीस नेमिले, आणि तिने घरून आईस फोन केला, आणि उलट हुकूम आला की, लेकीने मध्ये पडू नये, ज्याचे काम त्याने बोलावे. बेकरीवाले म्हणाले, दुकान विकीन पण फोन करणार नाही. बाईंनी चष्मा काढिला.

"भट्टी हवी की ताठा, ते एकदाचं ठरवा. बाहेर माणसं खोळंबलीत."

मग फोन लागला, आणि तो सर्वांस ऐकू येईसा टेबलावर ठेविला. सासूबाईंनी कोण बोलतंय म्हणून विचारिले, जरी पुरते ठाऊक होते. आणि चष्मा शोधावयास गेल्या, तो अंकांची मुदत सरली. पुन्हा अंक मागविले, तो त्यांनी मागलेच वाचिले. तिसऱ्या खेपेस शर्त आली.

"आधी ते दातांचं मागे घ्या. मग सांगते."

बेकरीवाले फोनाजवळ सरकले.

"आई, चुकलं माझं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग एकेक अंक सुटा, स्वच्छ, मुलास पाढे सांगावे तैसा आला, आणि बाईंनी तो टिपिला, आणि पोच छापून बाहेर आली. जिन्यावरील शिंप्याने टाळी वाजविली.

बेकरीवाले पोच घेऊन दाराशी गेले. फोन चालूच होता, आणि बाई सासूबाईंस म्हणाल्या की, आणखी एकवार अंक येतील तेवढे सांगा, म्हणजे तुमच्यामागचा त्रास काढून जावयांचा नंबर घालते.

त्यावर सासूबाई वदल्या.

"असू द्या की माझाच. तेवढ्यासाठी का होईना, वर्षातून एकदा फोन तरी येईल."

हे ऐकोन बेकरीवाले दारातून माघारी आले, आणि बँक मिटावयास आली असताही टेबलाशी वाकले, आणि हळूच म्हणाले, "आई, रविवारी दोघं घरी येतो." आणि मग जे धावत सुटले, ते बँकेचे दार ओढीत असताच आत शिरले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विवरणपत्र मुदतीत दाखल, भट्टीचे कर्ज मंजूर, अबोला बरखास्त. नोंदीस मोबाइल नंबर सासूबाईंचाच, जावयाच्या राजीखुशीने, कायम केला असे.