हरणीच्या वासाची बाटली

पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात थर्मासमध्ये कॉफी ओतता ओतता एल्रॉय सोनेनबर्ग थांबला आणि त्याने जावयाच्या कोटाचा वास घेतला.

"हे काय? शिकारीला निघालायस की लग्नाला?"

"नवा होता ना, म्हणून काल धुतला," कर्टिस म्हणाला. "मार्लिसचा तो फुलांच्या वासाचा साबण..."

"छान! आता हरणं येतील, पण हातात गुच्छ घेऊन येतील."

कर्टिस चव्वेचाळीस वर्षांचा होता. मिलवॉकीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, ते विकून दोन वर्षांपूर्वी तो मार्लिसशी लग्न करून इकडे उत्तरेला आला. तोवर छत्रीपेक्षा लांब वस्तू त्याने कधी खांद्याला लावली नव्हती. आणि इकडे नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू झाला की न्हाव्याचं दुकानसुद्धा बंद! एल्रॉयला एकतीस वर्षं शिकारीत साथ देणारा सोबती गुडघ्यांना ऊब हवी म्हणून फ्लोरिडाला राहायला गेला, आणि डॉक्टरने एल्रॉयला बजावलं, या हृदयाने एकट्याने रानात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा मार्लिस नवऱ्याला म्हणाली, "पप्पांबरोबर तू जा. नाहीतर ते महिनाभर खिडकीत बसून राहतील आणि ते मला बघवणार नाही."

म्हणून कर्टिस बंदूक शिकला. परीक्षा दिली, परवाना काढला, भडक नारिंगी कोट घेतला. सासऱ्याने एकच शब्द काढला, "बघू." गेल्या दोन वर्षांत त्या दोघांत हवामान आणि छपराची गळती याखेरीज तिसरा विषय निघाला नव्हता, त्यामानाने हेही बरंच झालं.

एल्रॉयची गाडी बावीस वर्षांची होती, पण नव्यासारखी चकचकीत. वर्ना, म्हणजे त्याची बायको, गेल्यापासून त्याने माणसाइतका जीव कशाला लावला असेल तर या गाडीला. बंदुका पिशव्यांत घालून मागच्या उघड्या हौद्यात ठेवल्या आणि दोघं निघाले. रानातल्या कच्च्या वाटेला लागेपर्यंत एल्रॉयने दोनदा नाक ओढलं. दोन्ही वेळा कर्टिस दाराकडे सरकला.

आता त्याच्या खिशात एक बाटली होती. दुकानदाराने गळ्यात मारलेली. हरणीचं मूत्र! बुटांवर दोन थेंब टाकले की माणसाचा वास मरतो आणि नर शोधत येतो, असं तो म्हणाला होता. साबणाचं पाप धुऊन काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला? कर्टिसने बाटली हळूच काढली, झाकण फिरवलं, बुटाकडे वाकला, आणि नेमकं त्याच वेळी पुढचं चाक खड्ड्यात गेलं.

दोन थेंब बुटावर पडले. उरलेली बाटली बैठकीवर, गालिच्यावर आणि गरम हवेच्या झडपेत गेली.

झडपेने ते सगळं गरम करून दोघांच्या तोंडावर फेकलं.

एल्रॉयने ब्रेक लावला. मग अगदी शांतपणे विचारलं, "ती बाटली होती?"

"हो."

"अख्खी?"

"दोन थेंब बुटावर पडलेत," कर्टिस म्हणाला.

मग धावपळ झाली. दारं उघडली, तर वारा बर्फ घेऊन आत शिरला. कर्टिसने टोपीने बैठक पुसली, टोपी गेली. वास मारायला थर्मासमधली कॉफी ओतली, तर कॉफी पिणारी हरणी गाडीत बसल्यासारखं झालं. हात बधिर झाले तेव्हा दोघं निमूट आत बसले, दारं लावली आणि तोंडाने श्वास घ्यायला लागले.

"चला, परत जाऊ या," कर्टिस म्हणाला. "मला जमणार नाही हे. तुम्ही दुसरा कुणी सोबती बघा. मी मार्लिसला सांगतो."

"गप्प," एल्रॉय कुजबुजला.

"नाही, खरंच सांगतो..."

"अरे गप्प बस! तुझ्या खिडकीत बघ."

उजाडत होतं. देवदारांतून एक नर बाहेर आला होता. केवढा! दहा टोकांची शिंगं, मानेवर बर्फ. थेट गाडीपाशी आला, चाक हुंगलं, दार हुंगलं आणि कर्टिसच्या काचेला नाक लावून उभा राहिला. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटला. कर्टिसने नकळत आपलंही नाक काचेजवळ नेलं.

"बंदुका?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"मागे. पिशवीत. दार उघडलंस की तो गेला."

नर गेला नाही. त्याला हरणी सापडत नव्हती, पण ती इथेच कुठेतरी आहे याची खात्री होती. त्याने मान खाली घातली आणि शिंगं गाडीच्या दारावर घासायला सुरुवात केली. करकर, करकर. एल्रॉयने डोळे मिटून घेतले. मग नराने बाजूच्या आरशात स्वतःला पाहिलं, हा कोण उपटसुंभ म्हणून एक धडक दिली, आणि आरसा बर्फात पडला.

कर्टिसला शेजारून चमत्कारिक आवाज ऐकू आला. सासऱ्याच्या हृदयाचं काही झालं म्हणून त्याने घाबरून पाहिलं. एल्रॉयचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो हसत होता.

"प्रेमात पडलाय गाडीच्या!" एवढंच त्याला बोलता आलं. मग कर्टिसलाही राहवेना. दोघांच्या हसण्याने गाडी हलायला लागली तसा नर दोन पावलं मागे सरला, त्याने दोघांकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि डौलात झाडीत निघून गेला.

मग एल्रॉय डोळे पुसत म्हणाला, "मी एकेचाळीस वर्षांचा होतो. वर्नाच्या बापाने मला आणलं होतं इथे."

"तुम्ही लहानपणापासून नाही...?"

"कुठलं! माझा बाप शिंपी. मी झाडावरच्या मचाणावर बसलो, झोप लागली, आणि खाली पडलो ते थेट म्हाताऱ्याच्या अंगावर. खांदा निखळला त्याचा. वर्षभर मी त्यांच्या घरी जेवायला गेलो नाही, लाज वाटायची." तो थांबला. "ज्याला यायचं नसतं, तो साबणाची काळजी करत नाही, कर्टिस."

दोन वर्षांत एल्रॉयने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. कर्टिसने आरसा तुटलेल्या जागेकडे बघत मान हलवली.

दुपारी मार्लिसने दार उघडलं आणि लगेच अर्धं लावून घेतलं.

"देवा! हा कसला वास? आणि आरसा कुठे गेला? कोणी केलं हे?"

कर्टिसने तोंड उघडलं.

"मी," एल्रॉय म्हणाला. "बाटली माझ्या हातून सांडली. वय झालं आता."

"पप्पा, तुम्ही?" मार्लिस बघतच राहिली. "असल्या बाटल्या विकत घेणाऱ्यांना तर तुम्ही शिव्या घालता!"

"घेतली एकदा. तुझा नवरा नको नको म्हणत होता."

मार्लिसने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मग कपडे तिथेच उतरवायला लावले, दोन घोंगड्या फेकल्या आणि पाणी तापेपर्यंत आत पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं. लोकरी आतल्या कपड्यांवर, घोंगड्या लपेटून, सासरा-जावई पायरीवर कुडकुडत बसले.

"तुम्ही कशाला सांगितलंत तसं?" कर्टिसने हळूच विचारलं.

एल्रॉय अंगणातल्या गाडीकडे, दारावरच्या लांबलचक ओरखड्यांकडे बघत होता.

"उद्या पाचला निघायचं," तो म्हणाला. "पण तुझ्या गाडीने."