बारापैकी बारा!

परीक्षा कुठलीही असो, हेडबाईंनी हात लावला की निकाल लागलाच म्हणून समजा!

'हेडबाई' हे तिचं घरातलं नाव. वय वर्षं पंधरा. मागच्या सहामाहीत ती वर्गात तेविसाव्या नंबरावरून थेट दुसरी आली, आणि तेव्हापासून घरादाराची तयारी करून घेण्याचं कंत्राट तिनेच उचललं. गाडीच्या परवान्याच्या परीक्षेला आईला तिनेच बसवलं. आई पास! आईच्या मते तो पोरीच्या धाकाचा परिणाम, पण पास ती पास!

म्हणून बाबांच्या नाकाची परीक्षा आली, तेव्हा ती जबाबदारी आपोआपच तिच्याकडे आली.

बाबा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे. त्यांना धुळीची ॲलर्जी, फुलांच्या परागांची ॲलर्जी, शेजारच्या मांजरीची तर नुसत्या आठवणीनेही! सायनस वर्षानुवर्षं ठणकत होता. नाकात मांसाचे कोंब वाढले, ऑपरेशनने काढले, भाडेकरूसारखे पुन्हा येऊन बसले. या सगळ्यात वास कधी गेला ते कळलंही नाही. कळलं ते गेल्या महिन्यात. एका स्वयंपाकघरात बाबा शेगडीपुढे बसले होते आणि त्या घरातल्या आजी दारातूनच ओरडल्या, "अहो, केवढा वास सुटलाय!"

बाबांनी शांतपणे विचारलं, "कसला?"

मग साबणाचं पाणी लावून बघितलं, तर नळीवर हे एवढे फुगे!

दुकानाच्या मालकांनी त्यांना समोर बसवून घेतलं. "वीस वर्षांचा हात आहे तुमचा, पण मला भीती वाटते. आधी नाक परत आणा, मग पाना उचला."

त्या दिवसापासून बाबांची हत्यारांची पेटी दाराशी नुसती पडून होती.

अशात इस्पितळातून बोलावणं आलं. ॲलर्जीवाल्यांच्या जुनाट सायनसवर प्रतिपिंडाचं नवं इंजेक्शन तपासायचं होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना साधं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. आणि त्याआधी वास ओळखायची चाचणी!

माहितीपत्रक सतरा पानांचं होतं. हेडबाईंनी पिवळं पेन घेतलं आणि महत्त्वाचं तेवढं रंगवलं. सातव्या पानाच्या तळाशी वाक्य सापडलं : 'प्रवेशासाठी चाचणीतील गुण विचारात घेतले जातील.' झालं! पान उलटायची गरजच काय?

पहिल्या भेटीत नर्सबाईंनी चाचणी कशी असते ते दाखवलं. बारा जाड पेनं, टोपण काढलं की वास, आणि प्रत्येकाला चार पर्याय. नर्सबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. हेडबाईंनी बाराही पेनं हुंगून क्रम पाठ केला!

"हे बरोबर आहे का गं?" बाबांनी घरी विचारलं.

"बाबा, याला अभ्यास म्हणतात. म्हणा! लिंबाने कॉफी ढोसली, माशाने लवंग चावली..."

"माशाने लवंग चावली," बाबा दाढी करता करता म्हणाले.

"पुढे?"

"केळं साबणावर घसरलं."

आठ दिवस घरात हाच घोष. आई म्हणाली, "इंजेक्शन तुझ्या बाबांना देतायत की तुला?"

चाचणीच्या दिवशी बाबा गंभीर चेहऱ्याने एकेक पेन नाकाशी धरत आणि उत्तर देत. बारापैकी बारा! हेडबाईंनी खुर्चीखाली मूठ आवळली.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि हसून फाइल मिटली. "अभिनंदन! तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. सहा किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांनाच आम्ही घेतो. तुम्हाला या औषधाची गरज नाही."

हेडबाईंना न उलटलेलं आठवं पान आठवलं.

बाबांनी पोरीकडे पाहिलं. ओरडले असते तर परवडलं असतं! ते उठले, डॉक्टरबाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "चल, बाळा."

ती दारापर्यंत गेली. पुढे पाय उचलेना.

"डॉक्टर, त्यांना काहीच वास येत नाही! ती उत्तरं माझी आहेत!"

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. लिंबू, मासा, लवंग, सगळंच! नर्सबाईंनी पेनांचा ट्रे हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

डॉक्टरबाईंनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "अशा दोनशे नाकांवरून ठरणार आहे, हे औषध पुढे लोकांना द्यायचं की नाही. असे खोटे गुण माझ्या कागदांवर आले, तर तो निकालही खोटाच."

हेडबाईंनी 'माझं चुकलं' म्हटलं. असं पहिल्यांदाच झालं.

"चूक माझीही आहे," बाबा म्हणाले. "माझं नाक आहे. मला कळायला हवं होतं."

डॉक्टरबाईंनी वरिष्ठांना फोन केला. मग दुसऱ्या पेनांचा संच, आठवड्यानंतरची तारीख, आणि बाबा आत एकटेच. हेडबाई बाहेर बाकावर. बोटांची नखं संपली, बाबा काही येईनात. शेवटी दार उघडलं.

"किती?"

"दोन," बाबा म्हणाले. "तेही चुकून."

"दोन!" ती इतक्या जोरात किंचाळली, की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बारापैकी दोन गुणांचा असा जल्लोष त्या इस्पितळाने पाहिला नसेल!

बाबांना प्रवेश मिळाला. आतमध्ये औषध होतं की मिठाचं पाणी, देव जाणे. पण इंजेक्शन दंडात गेलं आणि बाबांनी कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडले.

निघताना डॉक्टरबाई एक फॉर्म भरत होत्या. नियम मोडला की तो भरावाच लागतो म्हणे. हेडबाईंनी मान लांब करून उलटं वाचलं.

नियमभंगाचं कारण : सहभागी व्यक्तीची मुलगी.

उपाय : पुढील सर्व भेटींत मुलीस जिन्यापाशी बसवावे.